हँडल नसलेली गाडी

आयुष्यात मी बऱ्याचदा खोटं बोललो असेन. बाकीचं सगळं विसरलो. एक मात्र विसरता येत नाही, आणि ते बोललो होतो एका वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या गाडीवरून.

एकोणीसशे साठ साल नुकतंच उलटून गेलं होतं. मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. उरलेल्या वेळात घरी बसून छोट्या गाड्या करायचो. खोक्याच्या देवदाराचं लाकूड तासून लॉरी, पत्र्याच्या डब्यातून तिचा हौदा, जुन्या कोटाची बटणं म्हणजे चाकं. या छंदाला तेव्हा आमच्या गावात नावसुद्धा नव्हतं. "मास्तर खेळणी करतात," असं लोक म्हणायचे, आणि "घरात मूल नाही म्हणून," असं त्यापुढे हळूच म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. खेळणं आणि नमुना यांतला फरक समजावून सांगायला गेलो की बायको म्हणायची, "अहो, गाढवापुढे वाचली गीता. सोडा ना."

मग एकदा मुंबईला रद्दीच्या दुकानात मला परदेशी मासिकाचे चार-पाच अंक मिळाले. त्यात सगळ्या छोट्या गाड्याच. तिकडे म्हणे प्लास्टिकचे सुटे भाग खोक्यात घालून मिळतात, घरी जोडून गाडी करायची. इथवर ठीक होतं. पण काही मंडळी त्या कोऱ्या गाड्या करवतीने कापायची, त्यांचं छप्पर खाली आणायची, दारांची हँडलं आणि बॉनेटवरचा शोभेचा पक्षी काढून टाकायची, भोकं बुजवायची आणि सगळं अंग साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत करून रंगवायची. कंपनीने दिली तशी गाडी ठेवणं हे त्यांच्या लेखी नवशिक्याचं काम. माझं इंग्रजी बेताचं, पण चित्रं कळत होती. ते अंक मी इतके चाळले की पानं सुटी झाली. माझे हात शिवशिवत होते, पण कापायला गाडी कुठून आणणार?

ती आणली चाचांच्या मुलाने.

चाचा मोहल्ल्याच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून राहायचे. उभ्या जन्मात त्यांनी एकच काम केलं, गाडी हाकली. आधी घाटातून लॉरी, मग वीस वर्षं मुंबईच्या एका शेटची मोठी काळी अमेरिकन गाडी. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा गावी परत आले. ओट्यावर बसून रस्त्यावरची वाहनं आवाजावरून ओळखायचे. "ही पळस्प्याकडून आली. क्लच घासलाय हिचा," असं म्हणायचे, आणि ते खरं निघायचं. मी त्यांची पत्रं लिहून द्यायचो. मुलगा जहाजावर खलाशी होता, त्यालाच ती जायची. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

मुलगा रजेवर आला तो थेट माझ्याकडे, बगलेत खोकं घेऊन. झाकणावर काळ्या गाडीचं चित्र. शेटची होती तीच कंपनी, तेच साल, तीच चार दारं. कुठल्या कुठल्या बंदरात उतरून त्याने दुकानं पालथी घातली होती, तेव्हा कुठे ती सापडली.

"अब्बांना दिसत नाय, पण हाताला तर कळंल," तो म्हणाला. "मास्तर, मी परत जहाजावर जायच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे. दहा दिवस हायत."

आम्ही दोघं चाचांकडे गेलो. त्यांनी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. "काळी करा मास्तर, आरशासारकी. आणि स्टेरिंग उजव्या अंगाला घ्या. ती अमेरिकावाली डाव्या अंगाला बसतात, मी कदी बसलो नाय. बाकी होती तशी."

बाकी होती तशी. हे तीन शब्द मी स्वच्छ ऐकले होते. ऐकलेच नाहीत असं म्हणायची सोय नाही.

शाळेला सुटी लागली होती. पहिले तीन दिवस मी फक्त स्टिअरिंगवर घालवले. पुढची फळी, म्हणजे डॅशबोर्ड, कापून उलटी केली, उजवीकडे भोक पाडलं, पेडलं हलवली. भाग प्लास्टिकच्या ज्या काडीला जोडून येतात तिचे तुकडे गोंदात विरघळवले की भेगा बुजवायला छान लुकण होतं, हे मासिकातल्या चित्रांवरून कळलं होतं. ते करून पाहिलं आणि सांधा कुठे आहे हे मलाच सापडेना. मी मनातल्या मनात माझी पाठ इतकी थोपटली की ती दुखायला हवी होती.

आणि तिथेच बिघडलं. खोक्यात जादा भाग होते, गुळगुळीत बंपर, बसकी चाकं. ज्याला गाडी बदलायची असेल त्याच्यासाठी. समोर मासिक उघडं. मी स्वतःला म्हटलं, चाचांना कुठे दिसणार आहे? आणि मुलाला सुंदर वस्तू मिळाली तर नको का होईल? पुढच्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात चार दिवस मागून घेऊ, हेही मनात होतं. खरं सांगायचं तर तेच सगळ्यात जास्त होतं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मी छपराचे खांब पात्याने कापत होतो.

"त्यांनी असं सांगितलं होतं?"

"तुला यातलं काही कळत नाही."

"मला गाडीतलं कळत नाही. दुसऱ्याची वस्तू आहे एवढं कळतं." कप ठेवून ती निघून गेली.

छप्पर मी दोन आगकाड्यांच्या जाडीएवढं खाली आणलं. दाराची हँडलं सुटी होती, चकचकीत मुलाम्याची, तांदळाच्या दाण्याएवढी चार. ती बाजूला ठेवली आणि त्यांची भोकं लुकणाने बुजवली. मग पॉलिशपेपर, पाणी, पुन्हा पॉलिशपेपर. रंग मात्र काळाच दिला, तेवढी आठवण ठेवली. पूर्ण झाली तेव्हा मी ती खिडकीत ठेवून तासभर बघत बसलो. आजही सांगतो, काम देखणं होतं. म्हणून तर लाज जास्त वाटते.

नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी गाडी रुमालात बांधून घेऊन गेलो. घरी शिरकुर्मा केला होता. ईद नव्हती, गाडी येणार म्हणून केला होता. मुलाने रुमाल सोडला, गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं. खोक्यावरचं चित्र त्याने महिनाभर जहाजावर उशाशी ठेवलं होतं, त्याला काय कळायचं राहिलं असणार? तरी त्याने ती बापाच्या मांडीवर ठेवली.

चाचांनी आधी हात धुऊन घेतले. मग एक बोट खिडकीतून आत घातलं, ते स्टिअरिंगवर आलं. "उजवीकडं. माशाल्ला!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, जिंकलं. मग हात छपरावर गेला आणि तिथेच थांबला. पुन्हा गेला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्यांनी खिडकीची उंची मापली.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "ही कुठं उलटली?"

ज्या माणसाने उभ्या जन्मात एकदाही गाडी ठोकली नाही, त्याच्या हातात मी छप्पर दबलेली गाडी दिली होती. मासिकातल्या मंडळींना जे देखणं वाटत होतं, ते या हातांना अपघात वाटत होतं.

त्यांची बोटं खाली दारांवर आली. मागचं डावं दार. तिथे ती फिरत राहिली, पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेट तिथे बसायचे. दिवसातून वीस वेळा चाचा उतरून, वळसा घालून ते दार उघडायचे. ज्या हँडलावर त्यांनी वीस वर्षं हात ठेवला, त्याची जागा मी लुकणाने बुजवली होती.

"हँडल नाय," ते म्हणाले. "एक बी नाय. मग शेट बसायचे कसे?"

आता बोलायला हवं होतं. माझी चूक, मी काढली, एवढंच. त्याऐवजी माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "कंपनीकडून तशीच आली चाचा. मॉडेलच तसं आहे."

मुलगा खाली बघत होता. मी पाहुणा, समोर त्याच्याच घरची वाटी, मला तो खोटं कसं पाडणार? तो म्हणाला, "माजी चूक हाय अब्बा. दुकानात दोन जातीच्या होत्या. मी बगितलं नाय, दुसरी उचलली."

चाचा त्याच्याकडे वळून म्हणाले, "फडकं घेऊन ती हँडलं कोण पुसायचा? तूच ना? शेट तुला शाबासकी द्यायचे. आणि इसरलास?"

रागाने ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं विचारत होते. मुलाने मान हलवली, बापाला ती दिसली नाही. मी शिरकुर्मा संपवला.

दोन दिवसांनी मुलगा गेला. मला भेटला नाही. मी घरी नसताना रिकामं खोकं तेवढं बायकोकडे देऊन गेला, झाकणावरच्या चित्रासकट. बायकोने ते माझ्या टेबलावर, चित्र वर करून ठेवलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं, पण मी गणपती करायला गेलोच नव्हतो. मला माझाच पुतळा करायचा होता.

पुढे महिनाभर मी मोठ्या रस्त्याने जायचं टाळलं. तळ्याकडून लांबचा फेरा घालायचो. चोराच्या मनात चांदणं. चाचा ओट्यावर बसून चाल ओळखतील असं वाटायचं. शेवटी एका सकाळी ती चार हँडलं कागदाच्या पुडीत घेतली आणि गेलो.

गाडी त्यांच्या उशाशी फळीवर होती, वर स्वच्छ फडकं झाकलेलं. मी सगळं सांगितलं. छप्पर मी कापलं, हँडलं मी काढली, मुलाने बरोबर तीच गाडी आणली होती, मी खोटं बोललो. पुडी त्यांच्या तळहातावर सोडली. त्यांनी एक हँडल चिमटीत धरून बघितलं.

"बारीक काम हाय," ते म्हणाले. "पितळेचं केलंत काय?"

"केलेलं नाही चाचा. खोक्यातलंच आहे."

ते हसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमी लय चांगलं मानूस. माज्या पोराची चूक झाकायला एवढं घरी बसून बनवलंत, वर आळ बी सोताच्या डोक्यावर घेताय. पन मी बाप हाय. त्याला लहानपनापासनं वळकतो, घाईचा हाय तो."

मी शपथ घेतली. पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. शेवटी त्यांनी पुडी माझ्या हातात परत दिली. "ऱ्हाऊ द्या. हिला नका लावू. पोरानं आनली ती अशीच बरी." मग म्हणाले, "आलाच हात तर तेवढं पत्र लिवा. त्या दिवशी मी त्याला बोललो, ते मनाला लागतंय."

फळीवरून दौत घेतली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. लिवा, गाडी चुकली म्हणून मी बोललो, ते मनात धरू नकोस. लिवा, माणूस चुकतो. लिवा, मी तुझी चूक माफ केली.

शेवटी दोन ओळींची जागा उरली होती. तिथे माझी म्हणून माफीची एक ओळ लिहिता आली असती. चाचांना कळलंही नसतं. मी लेखणी तशीच धरून बसलो, मग त्यांनी विचारलं, "झालं?" आणि मी म्हटलं, "झालं."

त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं. माझं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणतात. त्या पत्रातही ते सुंदरच आलं होतं.