दोन इंजिनांचं एक इंजिन

आमच्या घरात राग वारशानं येतो. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि कमरेच्या पट्ट्यानं मारायचे. दादाला जास्त, मला कमी, आईला अधूनमधून. ते गेले तेव्हा पट्टा खुंटीवरच राहिला. दादाला त्याची गरज पडली नाही, त्याचे हात पुरेसे होते. माझं म्हणाल तर शाळेत मी एका मुलीच्या अशी कानाखाली वाजवली होती की दोन दिवस तिला त्या कानानं ऐकू येत नव्हतं. तेव्हा ह्या गोष्टीत मला कुणी गरीब गाय समजू नये.

गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. दादा तिथे साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. आता अंधेरी पूर्वेच्या आमच्या चाळीत दिवसभर गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा असायचा. घर माझ्या पगारावर चालत होतं. मी जवळच्याच एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत सोल्डरिंगला होते. भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडायच्या, एका हातात चिमटा, दुसऱ्यात तापलेलं आयर्न. अजून टेम्पररी होते. दिवाळीच्या आधी हाताची टेस्ट होती, ती पास झाले की पर्मनंट. तुझी बोटं थरथरत नाहीत, असं सुपरवायझर म्हणायचा. त्या बोटांवर घरातली चूल पेटत होती, आणि नेमकं तेच दादाला सलत होतं.

त्याचा मान आता एकाच गोष्टीत उरला होता, चाळीच्या गणपतीच्या देखाव्यात. दरवर्षी तो करायचा आणि आजूबाजूच्या चाळी बघायला यायच्या. त्या वर्षी त्यानं कोकणात जाणारी आगगाडी करायची ठरवली. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. गावाला जायचं म्हणजे एसटीत ओकत ओकत जायचं, आणि रेल्वे येणार येणार हे तर वडीलसुद्धा लहानपणापासून ऐकत आले होते. दादा म्हणाला, सरकारला जमत नाही तर मी आणतो. त्यानं पुठ्ठ्याचे डोंगर केले, खाडीवरचा पूल केला, बोगदा केला, टोकाला आमच्या गावाची पाटी लावली. सगळं झकास झालं. फक्त इंजिन नव्हतं.

म्हणजे दोन होती, धड एकही नव्हतं. एक चोरबाजारातलं, जुनं विलायती, ओतीव धातूचं वाफेचं इंजिन. दिसायला राजा, पण पोटात मोटरच नाही. दुसरं शेजाऱ्यांच्या दुबईच्या जावयानं आणलेल्या जपानी खेळण्यातलं डिझेलचं. त्याचे रूळ आणि चाकं उत्तम, पण मोटर जळलेली आणि वरचं प्लास्टिक समईवर वितळलेलं. दादानं दोन्ही माझ्यापुढे आदळली आणि म्हणाला, लोकांची करतेस ना, आता घरचं कर. विनंती करायची त्याची हीच पद्धत.

रविवारी आम्ही कापाकापीला बसलो. डिझेलचा सांगाडा वाफेच्या पोटात जाईना, बोटभर लांब होता. दादानं तो पाट्याच्या कडेला दाबून धरला आणि मी हॅक्सॉनं कापला. पत्रा किंचाळत होता, दोघांच्याही हातांना रक्त आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, दोघांनाही मजा येत होती. काहीतरी तोडाफोडायला मिळालं की आमचं पटायचं. मग जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर उपटून काढली. तिचा दांडा बारीक आणि दातेरी चाकाचं भोक मोठं, म्हणून दांड्याला तांब्याची तार गुंडाळून वर सोल्डर चढवलं. इंजिन पळायला लागलं, पण पुलाच्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायची. वजन कमी पडत होतं. दारावर येणाऱ्या वर्सोव्याच्या कोळणीनं हा सगळा तमाशा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जाळ्याला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या मूठभर आणून दिल्या. मी त्या वरवंट्यानं ठेचून बॉयलरमध्ये कोंबल्या. इंजिन चढ चढलं, पूल ओलांडला, बोगद्यातून बाहेर आलं आणि आमच्या गावाच्या पाटीखाली थांबलं.

दादा जमिनीवर पालथा पडून तीन फेऱ्या बघत राहिला. मग उठून त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली. चांगली जोरात बसली, पण ती शाबासकी होती. चाळीत तो सगळ्यांना सांगत सुटला की इंजिन माझ्या बहिणीनं केलंय. दोन वर्षांत त्यानं माझ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द.

गणपती बसले त्या संध्याकाळी मंडपात मुंगीला वाट नव्हती. दादा म्हणाला, नवीन गाडी आहे, नारळ फोडल्याशिवाय सुरू करायची नाही. दिवसभर विजेच्या तारांशी खेळणारी मी. मला तरी कळायला हवं होतं. पण कंपनीत नवीन मशीन आलं तरी आधी नारळ फुटायचा, मगच बटण दाबलं जायचं. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. उलट नारळ मीच आणून दिला. आईनं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. दादानं रुळाशेजारच्या दगडावर नारळ आपटला. तो एका घावात दोन झाला आणि सगळं पाणी बॉयलरच्या धुराड्यातून आत गेलं. मी पदरानं पुसलं आणि बटण दाबलं. इंजिन पुलापर्यंत गेलं, चर्र असा आवाज झाला, बोगद्याच्या तोंडाशी निळा धूर निघाला आणि ते थांबलं.

मागून कोणीतरी म्हणालं, कोकणची रेल्वे ना, ती येतेय होय? आणि अख्खा मंडप हसला. दादाही हसला. त्याचं ते हसणं मी ओळखत होते. वडील पट्टा काढायच्या आधी तसंच हसायचे.

मी इंजिन उचलून घरी आणलं. पाणी काढून मोटरच्या तारा पुन्हा जोडायच्या म्हणून आयर्न तापत ठेवलं. दादा आत आला आणि त्यानं दार लावलं. आई स्वयंपाकाच्या ओट्याशी होती. नारळ फोडायला नको होता, चूक दोघांची आहे, असं मी म्हणाले. तेवढं पुरलं.

"ह्या बोटांचा माज आहे ना तुला?" असं म्हणून त्यानं माझ्या उजव्या हाताची तर्जनी धरली आणि मागे वाकवली. भेंडी मोडल्यासारखा आवाज झाला. मी डाव्या हातानं आयर्न उचललं आणि त्याच्या दंडावर टेकवलं. सोल्डर वितळायला तीन सेकंद लागतात. मी तेवढा वेळ धरून ठेवलं. पहिल्या सेकंदाला मी रागात होते. पुढचे दोन मी विचार करून धरले, आणि ते दोन मला आजही नाकारता येत नाहीत.

आई मधे पडली. "मेल्या, चेडवाचा बोट मोडलंस तू. आता खाशीत काय?" ती दादावर ओरडली. मग त्याच्या दंडाकडे बघून तिनं माझ्याही थोबाडीत मारली.

टेस्टला मी गेले. बोटाला पट्टी होती, तरी मधल्या बोटात चिमटा धरून बसले. तिसऱ्या तारेला हात थरथरला. सुपरवायझर भला माणूस होता, त्यानं मान खाली घालूनच मला जायला सांगितलं. नंतर मी पापड लाटले, शिवणकाम केलं, पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागले. बोट वाकडं जुळलं ते तसंच राहिलं. दादाला दोन महिन्यांनी वॉचमनची नोकरी लागली. अंगात पूर्ण बाह्यांचा गणवेश, त्यामुळे दंड कुणाला दिसायचा नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं नाही. तो पाटावर बसून राहिला आणि मग उठून गेला. इंजिन त्यानं फेकून दिलं असेल असं मला वाटलं होतं. ते आईच्या ट्रंकेत निघालं, ती गेल्यावर. शिसं अजून आत होतं.

दुसऱ्या वर्षी मी ओवाळलं, ते आजपर्यंत ओवाळते. वर्षभर पूर्ण बाह्या घालणारा दादा त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून येतो. रुपयाएवढा डाग माझ्या डोळ्यांसमोर येईल असा हात मांडीवर ठेवतो. कुंकू लावायचं करंगळीशेजारच्या बोटानं, हे लहान पोरीलाही माहीत असतं. मी तर्जनीनं लावते. ती सरळ होत नाही, म्हणून जरा जोरात दाबावी लागते. दादा मान मागे घेत नाही.