आय ॲम फाइन, सर

शनिवारी सकाळी इथे सिंगापूरला, क्लेमेंटीच्या एका ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये मी डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलले... आणि बोलतेय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, गुडघा कसा आहे? तोंडातून आपोआप निघालं, "आय ॲम फाइन, सर." शेजारी बसलेल्या मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कपाळावर हात मारला. "अगं बाई, फाइन आहे तर आपण इथे कशाला आलोय? चल, हॉकर सेंटरला डोसा खाऊ आणि घरी जाऊ."

इथे नव्याने जोडल्या गेलेल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. मी भारतीय सैन्यात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर अधिकारी होते. ईशान्येकडच्या डोंगरात रेशन पोहोचवताना आमची गाडी घसरली. ड्रायव्हर सुरवसेचा खांदा गेला आणि माझा उजवा गुडघा.

आता मी जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये सेफ्टी मॅनेजर आहे. टाक्यांचे लोखंडी जिने चढणं-उतरणं हे रोजचं काम. गुडघा पूर्वी कुरकुरायचा, हल्ली ओरडतो.

सैन्य सोडताना मेडिकल बोर्ड बसतं. दुखापत नोकरीमुळे झाली का, शरीराचं नुकसान किती, हे ते ठरवतं आणि त्यावर डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. माझा क्लेम नामंजूर झाला... दुखापत मान्य, अपंगत्व नगण्य. पुढच्या महिन्यात पुण्याला अपिलाच्या बोर्डासमोर जायचंय आणि तिथे न्यायला इथल्या डॉक्टरांचा ताजा रिपोर्ट हवा होता. यानंतर पुन्हा दार ठोठावण्याची ताकद माझ्यात उरेल असं वाटत नाही.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, हा विषय निघाला की मी थांबत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवरून टेबलावर मूठ आपटून मी सांगितलंय... ही पेन्शन म्हणजे कुणाची दया नाही! देशाने धडधाकट माणूस घेतला आणि मोडका परत केला, तर त्या मोडण्याची नोंद करणं देशाचं कर्तव्य आहे. यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

पण डॉक्टरांसमोर मात्र... फाइन, सर.

ॲकॅडमीत पहिल्या आठवड्यापासून एक गोष्ट अंगात मुरते. दुखलं तर बोलायचं नाही. युनिटच्या दवाखान्यात जाणारा म्हणजे कामचुकार. बोर्डासमोरही मी सावधानमध्ये उभी होते, त्यांनी "बसा" म्हटलं तरी बसले नाही. काही त्रास? नो, सर. त्यांनी मी सांगितलं ते लिहून घेतलं... त्यांना तरी काय म्हणायचं?

इथल्या प्रत्येक मुलाला नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, करावी लागते, त्यामुळे पन्नाशीचे ते चिनी डॉक्टर नुसते हसले. "आर्मी, आह? आमची पोरंही अशीच. नो पेन सर, नो पेन सर... आणि दुसऱ्या दिवशी बेडवरून उठता येत नाही." मग त्यांनी मला बाहेरचा जिना उतरून दाखवायला सांगितला.

मी उतरले. ताठ मानेने, दात आवळून, परेडला निघाल्यासारखी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "व्हेरी गुड. हेच लिहू?"

हेच लिहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

तेवढ्यात मंदार म्हणाला, "डॉक्टर, हिला हिच्याबद्दल विचारू नका." आणि माझ्याकडे वळून, "समज, गुडघा सुरवसेचा आहे. आता बोल."

सुरवसेचा क्लेमही अडकला होता. त्याच्यासाठी मी हॉस्पिटलच्या खाटेवरून पत्रं लिहिली, फोनवरून भांडले, मिळवून दिला. आता तो साताऱ्याला मुलाच्या दुकानात बसतो. एकुलता एक मुलगा त्याचा. दर दिवाळीला फोन करून विचारतो, "मॅडम, तुमचं झालं का?"

मी सुरू झाले... तो जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाही. उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरतो, कोणी बघत नसेल तर आडवा उतरतो. कूस बदलताना कळ येऊन जाग येते. मुलीबरोबर बॅडमिंटन खेळणं त्याने सोडलं आणि तिला सांगितलं, आईला वेळ नाही...

सुरवसेला मुलगी नाहीये.

मंदार खिडकीबाहेर बघत होता. डॉक्टर टाइप करत होते. शेवटी मान वर करून म्हणाले, "कॅन. धिस वन आय कॅन राइट."

परतताना एमआरटी स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावरून, शनिवारच्या त्या गर्दीत, मी आडवी उतरले. कठडा धरून, हळूहळू... मंदार एक पायरी पुढे चालत होता. घरी आल्यावर लेकीला बॅडमिंटनचं खरं कारण सांगितलं. तिने फोनमधून डोकंही वर न काढता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत उत्तर दिलं. "आय नो ऑलरेडी ला, आई."

रिपोर्टने काम होईल की नाही, माहीत नाही. पण माझ्यासारख्या सगळ्या माजी सैनिकांना हात जोडून सांगते, बोर्डासमोर खरं बोलणं म्हणजे रडगाणं नव्हे. जवानासाठी भांडताना जो आवाज लागतो तो स्वतःसाठीही लावा. मला तो नवऱ्याने लावून दिला, त्याचे आभार इथेच मानते, घरी मानले तर डोक्यावर बसेल.

पुण्याला बोर्डाच्या खोलीत गेले की जय हिंद म्हणेन. मग खुर्ची मागून घेईन, नीट बसेन... आणि त्यांनी विचारलं की सांगेन, "हो सर, दुखतं."