बंड्याचं नाव

‘कुत्रंच होतं ना?’ असं त्या हिवाळ्यात मला बऱ्याच जणांनी विचारलं. वाईट मनानं कुणीच विचारलं नाही. खोलीतल्या मुलींनी विचारलं, मामीनं फोनवर विचारलं, आणि पुस्तक उघडं टाकून खिडकीबाहेर बघत बसले असताना एकदा मी स्वतःलाच विचारलं. होतं कुत्रंच. तरीही जेवण जात नव्हतं, अभ्यास होत नव्हता, आणि ज्या वंदनेवर मी लहानपणापासून वाढले ती म्हणायला तोंड उघडत नव्हतं. पुढं जे घडलं तो चमत्कार होता की नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. जसं झालं तसं सांगते.

आमचं घर लासुर्ण्याला. पप्पा जवळच्या कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करते आणि थोडी शेती बघते. मला भाऊ-बहीण नाही. मी चौथीत असताना आमच्या उसाची तोड चालू होती, तेव्हा पाचटात एक पिल्लू सापडलं. त्याची आई कुठं गेली, बाकीची पिल्लं कुठं गेली, काही पत्ता नाही. पप्पांनी ते शर्टात गुंडाळून घरी आणलं. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. अंगात खोडी फार, म्हणून आईनं नाव ठेवलं बंड्या. मी अभ्यास करायचे तो मोठ्यानं, आणि बंड्यासमोर बसून. त्याला समजावून सांगितलं की मला समजायचं. अपूर्णांक, नद्या, ऋण संख्या, सगळं त्यानं ऐकलंय. जांभई दिली की मी म्हणायचे, अवघड आहे रे, पण ऐक.

संध्याकाळी आई बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची. आम्ही तिघं त्रिसरण-पंचशील म्हणायचो आणि शेवटी आई मराठीत म्हणायची, सगळे प्राणी सुखी होवोत, निरोगी होवोत. बंड्या तेव्हा उंबऱ्यावर बसलेला असायचा. ‘प्राणी’ म्हणताना माझं लक्ष आपोआप त्याच्याकडं जायचं. माझ्यासाठी त्या शब्दाचा अर्थ तोच होता.

दहावीला मार्क चांगले पडले म्हणून मला बारामतीला सायन्सला घातलं. कॉलेजजवळच्या एका खोलीत आम्ही मुली कॉटभाड्यानं राहायचो. दहावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालेलं, इथं एकदम सगळं इंग्रजीत. सर शिकवायचे ते कानावरून जायचं. विचारायची लाज वाटायची. खोलीतल्या दोघी एकाच शाळेतून आलेल्या, त्यांचं त्यांचं विश्व होतं. माझ्याशी वाईट वागायच्या नाहीत, पण ‘चल’ असंही कुणी म्हणायचं नाही. अकरावी कशीबशी काढली. घरी फोन केला की आई फोन बंड्याच्या कानाशी धरायची. मी बोलायला लागले की तो फोनच्या मागं जाऊन मला शोधायचा म्हणे. आई हसत सांगायची आणि मी इकडं भिंतीकडं तोंड करून ऐकायचे.

बारावीच्या सहामाहीच्या दिवसांत दोनदा असं झालं, की बंड्याला दे म्हटलं तर आई म्हणाली, तो रानात गेलाय. मला काही वेगळं वाटलं नाही. परीक्षा संपवून मी घरी निघाले. गाडीतून फाट्यावर उतरले की बंड्या धावत यायचा, हे ठरलेलं होतं. गाडीचा आवाज त्याला कसा कळायचा ठाऊक नाही. त्या दिवशी फाट्यावर पप्पा उभे होते. एकटे. मी त्यांच्या मागं बघितलं, रस्त्याकडं बघितलं.

पप्पा म्हणाले, “चल बाळा, घरी चल. सांगतो.”

“बंड्या कुठं हाय?”

“घरी चल आधी.”

“पप्पा, बंड्या कुठं हाय?”

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. “गेला गं. गोचीड ताप झाला हुता. डॉक्टर आणला, सलाईन लावलं. न्हाय टिकला.”

तुझी परीक्षा होती म्हणून सांगितलं नाही, असं आई घरी गेल्यावर म्हणाली. शेवग्याच्या झाडाखाली माती नवी दिसत होती. पप्पांनी तिथं एक दगड ठेवला होता. ते माझ्याशेजारी थोडा वेळ उभे राहिले आणि मग कामाची वेळ झाली म्हणून गेले. मला त्यांचा राग आला. यांना काहीच कसं वाटत नाही, असं मनात आलं.

त्या संध्याकाळी वंदनेला बसले तेव्हा आईनं नेहमीप्रमाणे ते वाक्य म्हटलं आणि मी मधूनच उठून गेले. इतकी वर्षं रोज म्हटलं, सगळे प्राणी सुखी होवोत, निरोगी होवोत. आमच्याकडं तर एकच होता. तोही निरोगी राहिला नाही. मग हे म्हणायचं कशासाठी? हा प्रश्न घेऊन मी बारामतीला परत आले. तिथंही रोज निजण्याआधी मनात वंदना म्हणायची सवय होती, ती सोडली. सोडल्याचं दुःख नव्हतं. फक्त आत काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं.

सहामाहीत फिजिक्स गेलं, केमिस्ट्री काठावर. सर म्हणाले, असंच चाललं तर बोर्डाला अवघड आहे. खोलीत मोठ्यानं वाचायची सोय नव्हती आणि मनात वाचलेलं राहत नव्हतं. एकदा धडा समजून घ्यायला म्हणून मी नकळत ‘बंड्या, ऐक’ असं पुटपुटले. शेजारच्या कॉटवरच्या मुलीनं वळून बघितलं. त्यानंतर पुस्तक उघडायचीच भीती वाटायला लागली.

शेवटी एका सकाळी मी कपडे भरले. घरी जायचं आणि कॉलेज सोडते म्हणून सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. पुढं काय, याचा विचार नव्हता. बारामतीच्या स्टँडवर आले तर आमच्या गावावरून जाणारी इंदापूरची गाडी आलेली नव्हती. वाट बघत बसले. माझ्याजवळ पांढरी साडी नेसलेली एक वयस्कर बाई उभी होती. तिच्या पायाशी मोठी पिशवी, तिच्यात झाकण घट्ट लावलेलं पातेलं आणि वर फुलांची पुडी. ती दोनदा पिशवी उचलायला वाकली आणि मनगट धरून परत उभी राहिली. मग माझ्याकडं बघितलं.

“पोरी, एवढी एक बाजू धरतीस का? आमचा रिक्षावाला आज आलाच न्हाय बघ. हितनं जवळच हाय, विहारात जायचंय.”

‘माझी गाडी येईल’ असं मी म्हणणार होते. पण तिच्या आवाजात विनंती अशी नव्हती, घरातल्या माणसाला सांगावं तसं ते सांगणं होतं. मी पाठीवर माझी बॅग अडकवली आणि पिशवीचा एक बंद धरला. चालता चालता तिनं सांगितलं की तिचं नाव इंदू, सगळे इंदूमावशी म्हणतात, दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली. आज पौर्णिमा म्हणून पांढरी साडी. मला पौर्णिमा आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. घरी असते तर आईनं खीर केली असती.

विहारात पोहोचल्यावर पिशवी ठेवून निघायचं, असं ठरवून मी चप्पलसुद्धा काढत नव्हते. पण मावशी म्हणाल्या, “आलीयस तर टेक जरा. पाणी पी.” आत पंधरा-वीस माणसं असतील. एका कुटुंबाच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या नावानं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाला पुण्य अर्पण करायचा विधी होता आणि मावशींच्या पातेल्यातली खीर त्यासाठीच होती. मी मागं भिंतीला टेकून बसले. भन्तेजी तरुण होते, आवाज मऊ. वंदना सुरू झाली तेव्हा मी ओठ मिटून बसले होते. सगळ्यांचे आवाज एकत्र येत होते आणि ते शब्द मला तोंडपाठ होते, तरी मी म्हणत नव्हते.

ते झाल्यावर भन्तेजी म्हणाले, “आज अण्णांच्या नावानं आपण बसलोय. आणखी कुणाला आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर घ्या.” एका बाईनं बहिणीचं नाव घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मुलाचं घेतलं आणि मान खाली घातली. आणि मी बोलायचं ठरवलेलं नसताना माझ्या तोंडून आलं, “बंड्या.”

पुढच्या दोन-चार जणांनी वळून बघितलं. भन्तेजींनी विचारलं, “कोण तुमचे?”

“कुत्रा होता,” मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. ज्यांच्या वडिलांचं वर्ष होतं ते सगळे पुढच्या ओळीत बसले होते. त्यांच्या वडिलांच्या पंगतीला मी कुत्रा आणून बसवला होता. मी बॅगेकडं हात नेला. उठून पळायचं एवढंच मनात होतं. तेवढ्यात भन्तेजी म्हणाले, “नाव परत सांगा. नीट ऐकू आलं नाही.”

मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक नाव घेत गेले. अण्णांचं, त्या बहिणीचं, त्या मुलाचं, आणि त्याच आवाजात, जराही न थांबता, बंड्याचं. मग सगळे गप्प बसले. माझ्यासमोर वीस अनोळखी पाठी होत्या आणि त्या सगळ्या माझ्या बंड्यासाठी स्थिर बसल्या होत्या. इतके दिवस ते दुःख माझ्या एकटीच्या डोक्यावर होतं, ते कुणीतरी न बोलता खाली उतरवून घेतल्यासारखं वाटलं. शेवटी सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं, आणि त्यात माझाही आवाज होता. तो फुटला होता, पण होता. सगळे प्राणी सुखी होवोत ही काही कुणी दिलेली हमी नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या समजलं. ज्याला आपण वाचवू शकत नाही त्याच्यासाठीही मन कोरडं होऊ द्यायचं नाही, म्हणून ते रोज म्हणायचं असतं.

खीर वाटताना अण्णांचा थोरला मुलगा माझ्यासमोर आला. कळस गावचे शेतकरी होते ते, चांगले पन्नाशीचे. मी म्हणाले, “काका, माफ करा. तुमच्या वडिलांच्या कार्यात…”

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. “माफी कशाची? आमच्या अण्णांना एकट्यानं जेवायची सवयच न्हवती. शेजारी कुत्रं लागायचंच, त्याशिवाय घास उतरायचा न्हाय. झालं ते लई बरं झालं.”

त्यांचे डोळे भरले होते, आणि हसतही होते. मी ती खीर रडत रडत खाल्ली. कितीतरी दिवसांनी चव लागली.

माझी बॅग बघून मावशींनी विचारलं, कुठं निघालीस. मी सगळं सांगितलं. कॉलेज सोडू नकोस असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आज घरी जाऊन ये. आईकडं दोन घास खा. आन् परत आलीस तर संध्याकाळी माझ्याकडं येत जा. घरात मी एकटीच असती. मला तुझ्या पुस्तकातलं कळायचं न्हाय, पण तू बोल, मी ऐकती.”

मी घरी गेले आणि परत आले. संध्याकाळी मावशींच्या ओट्याजवळ बसून त्यांना फिजिक्स मराठीत समजावून सांगायला लागले. त्या भाजी निवडायच्या आणि मधेच म्हणायच्या, थांब, हे कसं काय? तिथं माझं अडायचं, आणि जिथं अडायचं तिथंच पुस्तक उघडावं लागायचं. सरांना प्रश्न विचारायचं धाडस हळूहळू आलं. बोर्डाला मार्क काही मिरवण्यासारखे पडले नाहीत, पण सगळे विषय सुटले. आता मी बारामतीतच बीएस्सी करते.

पण मला सांगायचंय ते पप्पांचं. बोर्डाच्या आधी पप्पा मला डबा द्यायला बारामतीला आले होते, आणि नेमकी पौर्णिमा होती. मी म्हटलं, चला विहारात. ते आले, मागं बसले. भन्तेजींनी नावं विचारली तेव्हा मी काही बोलणार, त्याच्या आत पप्पांचा आवाज आला. खालच्या पट्टीत, एकच शब्द. बंड्या.

वंदना झाल्यावर ते बाहेर नळावर तोंड धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेले तर ते अजून तोंडावर पाणीच मारत होते. नळ बंद करून माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले, “शेवटी माझ्याच मांडीवर हुता गं. पुरला आन् तसाच कामावर गेलो. दिवसभर मशीनपाशी उभा हुतो. तुला काय सांगावं, कसं सांगावं, धाडसच झालं न्हाय.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या रागाला आता जागाच उरली नाही. एकाच घरात, एकाच जिवासाठी आम्ही दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसलो होतो. मी समजत होते की दुःख आवरलं पाहिजे, त्यावर मात केली पाहिजे. तसं काही करावं लागत नाही. ते चार माणसांत आणून ठेवायचं आणि हात मोकळे सोडायचे, एवढंच आपल्या हातात असतं. पुढचं कुणीतरी करतं. कोण करतं ते मला सांगता येणार नाही, पण त्या करणाऱ्याबद्दल माझ्या मनात रोज कृतज्ञता असते.

पप्पांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि मग तोच रुमाल माझ्यापुढं धरला. मग आम्ही दोघं आत जाऊन सगळ्यांच्या पंगतीला बसलो.