शेजारी कोण होतं?

"तोंड झाका आधी, मग बोला!" हाडांजवळ कुणी वाकलं की बाई ओरडायच्या. आमच्या सरपंचांनाही त्यांनी असंच मागे सारलं होतं. आपल्या थुंकीचा थेंब उडाला तर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या डीएनएत आपला मिसळतो, एवढं साधं कारण.

कर्जतजवळच्या आमच्या गावात बाई माझ्याकडे भाड्याने राहायच्या. जुन्या हाडांतून डीएनए काढून तो वाचायचा, हे त्यांचं काम. टेकडीवर बंगल्यांच्या स्कीमसाठी रस्ता काढताना कपारीत दोन सांगाडे निघाले होते, एक लहान, एक मोठा. बाईंनी लहान कवटीतलं कानाजवळचं टणक हाड तेवढं प्रयोगशाळेत नेलं. बाकीचं खणायची परवानगी येईपर्यंत मातीने झाकून ठेवलं.

एकदा सरपंच ओटीवर येऊन बसले. "बाई, ती आमचीच मानसं हायत. तसं लिवून द्या."

"असतील, नसतीलही. आधी ठरवून मी हाड तपासत नाही." एवढं सुनावून चहा मात्र बाईंनी स्वतः करून दिला.

आमच्याकडच्या दमट हवेत डीएनए टिकतच नाही म्हणे. बाईंनी आशा सोडली होती. मग एके दिवशी प्रयोगशाळेतून त्यांचा फोन आला, "काकू, मुलगी होती हो ती!" जणू माझ्याच घरी नात झाली होती. आता मोठा सांगाडा तपासायचा होता. आई, की आणखी कोण?

परवानगी घेऊन बाई आल्या तर कपारच नव्हती. जेसीबीने सगळं खरवडून मुरुमासोबत रस्त्याच्या भरावात टाकलेलं.

साइटवरचा मॅनेजर हसला. "मॅडम, मेलेल्याला काय फरक पडतो?"

"पोर एकटी नव्हती!" बाई त्याच्यावर ओरडल्या. "तिच्याशेजारी कुणाला निजवलं होतं, ते आता जगात कुणालाच कळणार नाही. रोलर फिरवलात तुम्ही त्यावर!"

पोलीस ठाण्यात तक्रार केली, तर तिथले साहेब म्हणाले, "हाडं कुठायत? पंचनामा कशाचा करू?" हे विचारताना त्यांची मान खाली गेली नाही. 'आमची मानसं' म्हणणाऱ्या सरपंचांनीही तक्रारीवर सही केली नाही. जेसीबी त्यांच्या पुतण्याचा होता!

बाई सामान घेऊन परत गेल्या. खोली मी पुन्हा भाड्याने दिलेली नाही.

रस्ता आता डांबरी झालाय. आमच्या शेतावर जायला तोच जवळचा. मी ओढ्याकडून वळसा घालते. सून विचारते, "आई, चांगला रस्ता सोडून चिखलातनं कशाला जाता?"

अगं, माणसं आहेत त्याच्याखाली.