निकाल माहीत असलेल्या राज्यात मतदान

राष्ट्राध्यक्षांची निवडणूक येते चार वर्षांनी, पण तिचे किस्से मात्र मधली चारही वर्षं पुरतात. आम्ही श्रूजबरीतली पाच-सहा मराठी घरं दर शनिवारी सकाळी तळ्याकाठी चालायला जातो. चालणं पाऊण तास, गप्पा दीड तास. कोणीतरी म्हणतं, "अगं, तो किस्सा सांग ना," की गाडी सुरूच!

गंमत म्हणजे आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये सस्पेन्स असा काही नसतोच. राज्य निळं, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं. मतदान संपलं, टीव्ही लावला, चहाचं आधण उकळेपर्यंत आमचा निकाल जाहीर! तरी एवढे किस्से घडतात कसे, हे मलाही कोडंच आहे.

•

माझी आई सोलापूरची. शाळेत मुख्याध्यापिका होती, निवडणुकीच्या ड्युट्या करून करून पक्की झालेली. मी इथली नागरिक झाल्यावर तिने फोनवर विचारलं, "मेधा, तुमच्याकडे मोजतात कसं?"

मी समजावलं. आमच्या राज्याचे अकरा इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी. राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला अकराच्या अकरा.

"आणि उरलेल्यांची मतं?"

"ती... मोजतात की. पण इलेक्टर नाही मिळत."

"एका मताने जिंकला तरी?"

"तरी अकरा."

मग आई म्हणाली, "वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं पास झाली म्हणून मी अख्खा वर्ग पास केला असता, तर मला सस्पेंड केलं असतं गं!"

•

आमच्या ग्रुपमध्ये निवडणुकीचा खरा एक्स्पर्ट म्हणजे प्रसाद. नागपूरचा. अकरा वर्षं झाली, अजून व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. म्हणजे मत देता येत नाही. पण कुठल्या राज्यातली कुठली काउंटी, म्हणजे जिल्हा, कधी कुठल्या पक्षाकडे फिरली, सगळं तोंडपाठ!

त्याच्या ऑफिसातल्या माइकने एकदा त्याला गाठलं. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांबरोबर राज्याचे प्रश्नही असतात, हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. माइकला काही कळेना. प्रसादने लंच सोडून त्याला एकेक प्रश्न समजावला. दोन्ही बाजू, फायदे-तोटे, सगळं. माइक खूश. जाताना म्हणाला, "थँक्स यार! तू कसं व्होट करणार आहेस?"

"मला व्होटच नाही."

माइकचा चेहरा पाहण्यासारखा झाला म्हणे. "मग एवढा अभ्यास कशाला करतोस?"

त्याला प्रसादने काय उत्तर दिलं ते माहीत नाही. आम्हाला म्हणाला, "मी बँडवाला आहो बाप्पा! लग्न माझं नाही, पण माझ्याशिवाय वरात हलते का?"

सगळे हसले. प्रसादही हसला, पण जरा उशिरा.

•

शैलामावशी सांगलीच्या, लेकीकडे राहतात. बाहत्तराव्या वर्षी नागरिक झाल्या. पहिल्या मतदानाला मी त्यांना घेऊन गेले. ठेवणीतली इरकल नेसलेल्या. हातात जाडजूड फाइल. पासपोर्ट, नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, लाइटचं बिल, शिवाय प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स!

टेबलापाशी एक आजी बसलेल्या. त्यांनी विचारलं, "स्ट्रीट?" मावशींनी सांगितला. "नंबर? नाव?" तेही सांगितलं. आजींनी यादीत लाल पेनाने खूण केली, हसून मतपत्रिका पुढे केली. झालं!

मावशी जागच्या हलेनात. फाइल तशीच उघडी.

"मावशी, चला ना."

"अगं, असं कसं? हिला सांग, निदान पासपोर्ट तरी बघ म्हणावं. पहिल्यांदाच माझा फोटो चांगला आलाय!"

•

आमच्याकडे निकाल ठरलेला, म्हणून प्रचाराला कोणी फिरकत नाही. पण तासाभरावर न्यू हॅम्पशायर. तिथे चुरस! त्यामुळे इथले हौशी लोक शनिवारी तिकडे जाऊन दारं ठोठावतात. एका वर्षी माझा नवरा सुधीर आणि मीही गेलो. सुधीर पुण्याचा. वाटेत सारखा म्हणत होता, "ते विचारणार बघ, कुठून आलात. मी उत्तर तयार ठेवलंय."

पहिल्याच घरी एक बाई अंगणातली पानं गोळा करत होत्या. आम्हाला पाहून खराटा थांबला. "व्हेअर आर यू फ्रॉम?"

सुधीर सुरू! जन्म पुण्याचा, इथे वीस वर्षं झाली, टॅक्स भरतो, मुलं इथलीच, आता नागरिक. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. पुण्याला पाऊस किती पडतो तेही विचारलं.

मग म्हणाल्या, "ते झालं. पण आज आलात कुठून?"

"मॅसॅच्युसेट्सहून."

बाईंचा चेहराच फिरला. "मॅसॅच्युसेट्स? म्हणजे बाहेरचे! पुण्याचे होतात तोवर ठीक होतं. आमचं आम्हाला कळतं, तुम्ही नका शिकवू."

खराटा टाकून बाई आत, दार बंद!

गाडीत बसून सुधीरने पट्टा लावला. मग एकदम म्हणाला, "मेधा, ही बाई आमच्या सदाशिव पेठेत खपून गेली असती!"

•

माझी लेक ईरा पेनसिल्वेनियात कॉलेजला, तिथेही चुरस. विद्यार्थ्याला घरच्या गावी किंवा कॉलेजच्या गावी, कुठेतरी एकाच ठिकाणी नाव नोंदवता येतं. तिने तिकडे नोंदवलं. मला जरा लागलंच. पहिलं मत तिने माझ्याबरोबर द्यावं, अशी फार इच्छा होती. पण ती म्हणाली, "मॉम, आपल्याकडे माझं एक व्होट कशात मोजणार? ओव्हरफ्लोमध्ये!"

ऑक्टोबरात तिचा फोन. आवाजात नुसता उत्साह. दाराशी रोज माणसं, फोनवर मेसेज, कॅम्पसवर फुकट पिझ्झा. "मॉम, आय ॲम सो इम्पॉर्टंट हिअर! एव्हरीवन वॉन्ट्स माय ओपिनियन!"

मी आमच्या दाराकडे पाहिलं. सकाळपासून फक्त कुरियरवाला येऊन गेला होता. त्यानेही बेल वाजवली नव्हती.

•

आता वसुधाकाकूंचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

वसुधाकाकू आणि माधवकाका, दोघंही रिटायर्ड. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. राजकारणात दोन टोकं. निवडणूक आली की त्यांच्या अंगणात ड्राइव्हवेच्या डावीकडे काकूंच्या पक्षाची पाटी, उजवीकडे काकांच्या. काका म्हणायचे, "तुझं मत माझं मत खातं. दोघं घरीच बसू या, पेट्रोल वाचेल." पण दोघंही जायचे, एकाच गाडीतून.

त्या वर्षी काकांची तब्येत बरी नव्हती, म्हणून त्यांनी मतपत्रिका घरी मागवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरली, सही केली. पोस्टाच्या पेटीत टाकायला काकूच गेल्या.

मतदानाच्या आठवडाभर आधी काका गेले.

दिवस झाले नव्हते तोच काकूंचा मला फोन. "मेधा, यांचं मत आता रद्द होईल का गं?" मला माहीत नव्हतं. त्यांना घेऊन टाउन हॉलमध्ये गेले. तिथल्या बाईंनी काँप्युटरमध्ये पाहिलं. मग चष्मा काढून हळूच विचारलं, "सही केली तेव्हा ते होते ना?"

"होते. माझ्यासमोर केली."

"मग मोजलं जाईल."

काकूंनी त्या बाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मतदानाच्या दिवशी मी त्यांना न्यायला गेले. वाटलं होतं, येणार नाहीत. पण त्या तयार होऊन दारात उभ्या होत्या. आत आडोशाला मतपत्रिका भरायला गेल्या त्या दहा मिनिटं आल्याच नाहीत. आल्या, मतपत्रिका मशीनमध्ये सरकवली, आणि गाडीत येऊन बसल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी अंगणातल्या दोन्ही पाट्या उपटल्या, माती झटकली आणि गॅरेजमध्ये एकावर एक ठेवल्या.

मला राहवलं नाही. "काकू, आत एवढा वेळ का लागला?"

त्यांनी हात पदराला पुसले.

"बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं."