आधी वायरमनची आंघोळ

"कोण आल्तं इथं?"

बोर्डाचं झाकण उघडून, आत नाक खुपसून तो हा प्रश्न विचारायचा. विचारताना घरातल्या माणसांकडे असा पाहायचा, जणू परगावाहून अवचित परतलेल्या नवऱ्याला उंबऱ्यात परक्या चपला दिसल्यात. माझी बायको सासू होऊन बसलेली, पण त्याच्यापुढं गडबडून जायची. "कोणी न्हाई हो भाऊ. पंखेवाला आल्ता, उगं दोन मिनिटं."

"वाटलंच मला. ही टेप माझी न्हाई."

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीचा तो वायरमन. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. येतो म्हणतो तेव्हा येत नाही, तरी दुसऱ्याला बोलवायची कोणाची छाती होत नाही. डोक्याला चापून तेल, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. लग्नाच्या पंगतीतही तो टेस्टर लावूनच बसे, आणि बायका नवरदेवाला सोडून त्याच्याभोवती. "भाऊ, आमच्याकडं कधी येता?" नवरदेवाचं मला माहीत नाही, मी मात्र जळायचो.

त्याचा एक रिवाज होता. बाथरूममध्ये गीझर बसवला की पहिली आंघोळ तो स्वतः करायचा. टेस्टरनं सगळं तपासून झालं तरी. दारात उभा राहून शर्टाची बटणं काढत जाहीर करायचा, "माझ्या हातचा करंट आधी मला. मंग तुम्हाला." आणि आतून कडी. घराचा मालक बाहेर टॉवेल घेऊन उभा.

आता जालन्यात पाण्याची काय गत आहे, ते मी सांगायला नको. नळ कधी येईल हे नळालाच माहीत. पाहुण्याला आम्ही दोनदा चहा पाजू, पण आंघोळीची बादली भरताना हात आखडतो. अशा गावात वायरमननं तुमच्या घरी मनसोक्त न्हावं, हा केवढा मान! कोणाकडे तो किती वेळ न्हाला, याची चर्चा गल्लीत दिवसच्या दिवस चाले.

आमच्या भिंतीला भिंत लागून शेठचं घर. भुसार मालाचे व्यापारी. त्यांनी माझ्या आधी गीझर बसवला आणि ओट्यावर बसून मला ऐकवलं, "आपल्याकडं अर्धा तास न्हाला. बाहेर यायलाच तयार न्हाई. बाथरूमच तसं आहे ना आपलं."

मी तडक घरात गेलो. बायकोला म्हणालो, "आपलं बाथरूम नवं करायचं."

"इतके दिवस मी बादलीत हीटर टाकून मरून राह्यले, तव्हा न्हाई सुचलं," ती म्हणाली. "शेठकडं वायरमन न्हाला, अन् आपल्या फरश्यांवर गदा आली."

केलं ते थाटात केलं. निळ्या टाइल्स, आरसा, चंदनाचा साबण. माझं टॉवेल-चादरींचं दुकान. गठ्ठ्यातला सगळ्यात जाड टॉवेल मी बाजूला काढला. बायकोनं हात लावताच ओरडलो, "ठेव तो! वायरमनचा आहे."

"लग्नात मला पातळ टॉवेल दिल्ता," ती म्हणाली.

टँकर बोलावून टाकी काठोकाठ भरून घेतली. म्हटलं, घे लेका, तासभर न्हा!

तो आला. जुना बोर्ड उघडून नाक खुपसलं, "हे सगळं काढायचं," म्हणाला. भिंती फोडून नवी वायर ओढली, अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग केलं, स्विच दाराबाहेर आणला. मी हो हो म्हणत गेलो. मला घाई होती ती शेवटच्या प्रवेशाची.

अखेर त्यानं बटणं काढली, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि कडी लावली. शेठ नेमके तेव्हाच आमच्या ओट्यावर येऊन टेकले. आत पाणी पडू लागलं. मग चक्क गाणं! एका अभंगाची पहिली ओळ, खणखणीत. शेठकडं न्हाताना तो गायला नव्हता. मी मान ताठ करून शेठकडे पाहिलं. आता दुसरी ओळ येणार, तोच कडी वाजली आणि महाराज बाहेर.

"झालं?"

"झालं की."

"एवढ्यात?"

शेठ मिशीत हसले. "टाइल्स थंड असतील," म्हणाले आणि हळूहळू चालत घरी गेले.

मी वायरमनला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "काय कमी पडलं? साबण? टॉवेल? शेठकडं अर्धा तास, अन् माझ्याकडं एक ओळ?"

त्यानं शांतपणे चहा बशीत ओतला. "भाऊ, शेठनं भिंती फोडू दिल्या न्हाईत. जुनीच वायर ठेव म्हणले. मंग अर्धा तास भिंतीला कान लावून उभा राह्यलो. अंगावर पाणी अन् तोंडात रामाचं नाव. भरोसा बसल्याबिगर घरातल्या लेकरा-बायांना आत कसं जाऊ देऊ? तुमच्याकडचं समदं माझ्या हातचं. इथं काय ऐकायचं? गाणं म्हणलं अन् आलो."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "मंग हे बाहेर सांगा की! शेठसमोर!"

"बिलकुल न्हाई. त्यांच्या घरचे उगं भेतील. बराबर आहे तिथं. मी न्हालो ना."

बघा माझं नशीब. गल्लीतला सगळ्यात मोठा मान मिळाला, आणि तो मिरवायची सोय नाही. पुढं कितीतरी दिवस शेठ येता-जाता विचारत, "झाल्या का टाइल्स गरम?" आणि मी ओठ आवळून हसे.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. करंटानं नाही; करंटाची तेवढी हिंमत नव्हती. चहा पिता पिता बसल्या जागी गेला, तोही शेठच्या ओट्यावर. मी धावत गेलो. रडू फुटायच्या आधी मनात काय आलं सांगू? शेवटचा चहाही ह्यांच्याकडंच.

ह्या हिवाळ्यात गीझर बिघडला. नवा माणूस आला. बोर्ड उघडून म्हणाला, "काम पक्कं आहे, काका. कोणाचं?"

"आमच्या वायरमनचं," मी म्हणालो. 'आमच्या'वर असा जोर दिला, की भिंतीपलीकडं जावा.

त्यानं नवा गीझर बसवला, टेस्टर लावला, हात पुसले.

"आणि आंघोळ?" मी विचारलं.

तो हसला. "माझी सकाळीच झाली, काका."

तो गेल्यावर बायकोनं कपाटातून तो जाड टॉवेल काढला. धुऊन, घडी करून तिनं तो वेगळाच ठेवला होता. खांद्यावर टाकून ती आत निघाली.

"थांब," मी म्हणालो. "आधी मी."

तिनं टॉवेल माझ्या हातात दिला.

कडी लावली, नळ सोडला. पाणी छान गरम आलं. मी निळ्या टाइल्सना कान लावला. काय ऐकायचं असतं, ते त्याला विचारायचं राहून गेलं होतं. ती ओळ म्हणून पाहावी म्हटलं. शब्द सगळे आठवत होते, आवाज फुटेना.

"झालं का हो?" बायको बाहेरून.

"भाऊ, किती वेळ?" भिंतीपलीकडून शेठ.

टाकीतलं पाणी संपत आलं होतं. मी तसाच उभा होतो, भिंतीला कान लावून.