उकिडवं बसणारा माणूस

फरशी बसवणाऱ्या या गड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतात ना, तो ओळंबा. काम सरळ आणि जीभ त्याहून सरळ. चाळीस वर्षं उकिडवं बसून, बसल्या बसल्या मागे सरकत त्याने लोकांच्या घरांत फरश्या घातल्या. एक फरशी पोकळ वाजली तर अख्खी रांग उखडायचा, मालक कितीही बोंबलला तरी. उभं राहून बोटं दाखवणाऱ्या मुकादमांबद्दल त्याच्या तोंडून कधी बरा शब्द निघाला नाही. आता उजवा खुबा झिजला आणि ओळंबाच तिरका चालू लागला.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. खुबा बदलल्यावर पेशंटला काय काय जमायला हवं, याचा फॉर्म मुलाने घरूनच भरून आणला होता. इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई तो वाचू लागल्या.

“काठीशिवाय घरात चालणं. जिना चढणं. खुर्चीत आरामात बसणं.”

“हे कुणी सांगितलं?” ओळंबा म्हणाला. “मला उकिडवं बसायचंय. तेवढं लिहा, बाकीचं खोडा.”

“काका, तुमच्या नव्या सांध्यावर उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही, निसटेल तो. डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच तुमच्या मुलाला सांगितलंय.”

मुलगा भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला. ‘दोन महिन्यांत कामावर बसवतो तुम्हाला,’ असं छातीठोक सांगणारा तो हाच.

“बोल की आता! दातखीळ बसली?”

“सांगितलं असतं तर आला असतात का?”

“नसतोच आलो!”

“मग? दिवसभर कण्हता, येता-जाता सगळ्यांच्या अंगावर धावून जाता. आता देखरेख करा. माणसं मी देतो.”

“देखरेख? मला मुकादम करतोस? त्यापेक्षा दोन्ही पाय तोडून टाक!”

भांडणात बायको नेहमी त्याच्या बाजूने बोलायची. आज ती बाजूच्या खुर्चीत बसून नुसती त्या फॉर्मकडे बघत होती. तो तिच्याकडे वळला. “तुला ठाऊक होतं?”

“होतं,” ती म्हणाली. आवाज खाली नाही की मान खाली नाही. “रोज सकाळी तुम्हाला अंथरुणातून मी उपसून काढते. माझी कंबर गेली. मला काय हवंय, ते कुठल्या फॉर्मात विचारलंय कुणी?”

तिचं खरं होतं, म्हणून तर त्याला जास्त चीड आली. घरी परत जावं तर उद्या पुन्हा हिच्याच खांद्यावर भार. ऑपरेशन करावं तर थापी हातातून कायमची सुटली. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने बाईंच्या हातून पेन ओढलं आणि संमतीच्या कागदावर अशी सही ठोकली की कागद फाटला.

“एकच राहिलंय,” बाई चाचरत म्हणाल्या. “शुद्धीवर आल्यावर जवळ कोण हवं? इथे मुलगा लिहिलाय.”

ओळंब्याने त्यावर काट मारली.

“मग काकूंना लिहू?”

बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“कुणी नको,” तो बाईंना म्हणाला. “एकट्याने कसं उठायचं, तेवढं शिकवा.”